डर्नी बाहेर गेल्यावर : महिलांच्या केरिनविषयी वाचकांचे प्रश्न

जागतिक ट्रॅक सायकलिंग स्पर्धेतल्या महिलांच्या केरिन शर्यतीबद्दल बरीच पत्रं आली. काही फक्त शर्यत पाहणाऱ्यांची, तर काही स्वतः ट्रॅकवर सायकल चालवणाऱ्या मुलींची आणि त्यांच्या प्रशिक्षकांची. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : अर्धी शर्यत सहाही जणी एका मोटारसायकलच्या मागे शांतपणे रांगेत फिरतात. खरी चुरस शेवटच्या तीन फेऱ्यांत असेल, तर आधीच्या तीन फेऱ्या हव्यात कशाला?

उत्तर : त्या तीन फेऱ्यांमुळे सगळ्याजणी एकाच वेगाने, एकमेकींना चिकटून, ठरावीक क्रमाने खऱ्या शर्यतीच्या तोंडाशी येतात. 250 मीटरच्या ट्रॅकवर केरिन सहा फेऱ्यांची, म्हणजे 1500 मीटरची असते. पुढे जी मोटर लावलेली सायकल असते तिला डर्नी म्हणतात. ती साधारण ताशी 30 किलोमीटरने सुरू होते, हळूहळू 50 पर्यंत वेग वाढवते आणि तीन फेऱ्या उरल्या की ट्रॅकवरून खाली उतरते. पूर्वी शर्यत दोन किलोमीटरची होती आणि डर्नी 600 ते 700 मीटर उरेपर्यंत पुढे राहायची. महिलांसाठी डर्नीचा वरचा वेगही तेव्हा 45 होता.

सुरुवातीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. खेळाडू शेजारीशेजारी उभ्या असतात आणि प्रत्येकीची सायकल एकाने मागून धरलेली असते. त्याने नुसतं धरायचं, ढकलायचं नाही. सगळ्यात आतली जागा जिला मिळते तिने डर्नीच्या मागे पहिलं जायचं, दुसरी कुणी आपणहून ती जागा घेत असेल तरच तिची सुटका. डर्नी ट्रॅकवर असेपर्यंत तिच्या मागच्या चाकाच्या मागच्या कडेपुढे कुणाचं पुढचं चाक गेलं की शर्यत थांबवतात, आणि जिची चूक ती बाहेर.

शांतता मात्र वरवरची. डर्नी 45 च्या पुढे गेली की मागच्या दोघी-तिघींकडे पाहा. कोण मान वळवून वर बघतेय, कोण पुढच्या चाकापासून दोन मीटर मुद्दाम मागे राहिलीय, कोण ट्रॅकवर आखलेल्या लाल रेषेच्या वर, म्हणजे बाहेरच्या बाजूला सरकलीय. पहिली चाल कुणाची असणार ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.

प्रश्न : 200 मीटर फ्लाइंग स्प्रिंटमध्ये जी सर्वांत वेगवान, तीच केरिन का जिंकत नाही?

उत्तर : पॅरिस ऑलिंपिकचंच उदाहरण घ्या. 2024 मध्ये जर्मनीच्या लिया फ्रिडरिशने स्प्रिंटच्या पात्रता फेरीत 200 मीटर 10.029 सेकंदांत काढले. हा वेग ताशी जवळजवळ 72 किलोमीटर होतो. केरिनही तिला नवी नव्हती, 2021 आणि 2022 अशी सलग दोन वर्षं ती या प्रकारात जगज्जेती होती. तरी पॅरिसच्या केरिनची पदकं गेली न्यूझीलंडची एलेस अँड्र्यूज, नेदरलँड्सची हेटी फान डे व्हाउव्ह आणि ब्रिटनची एमा फिनुकेन यांच्याकडे.

फ्लाइंग स्प्रिंटमध्ये खेळाडू एकटी असते. ट्रॅकच्या वरच्या कडेवरून खाली झेपावते, पाय ताजे असतात आणि तिच्या रेषेत कुणी आडवं येत नाही. केरिनमध्ये डर्नी गेल्यावर 750 मीटर उरतात, म्हणजे चाळीस ते पंचेचाळीस सेकंद. पूर्ण ताकदीचा स्प्रिंट मात्र दहा-बारा सेकंदांच्या पुढे कुणालाच टिकवता येत नाही, कारण स्नायूंतला तयार इंधनाचा साठा, क्रिएटिन फॉस्फेटचा, तेवढ्यात संपत येतो. एवढी ताकद एकदाच मिळते. ती दोन फेऱ्या उरल्यावर जागा मिळवण्यासाठी वापरली, तर शेवटच्या सरळ पट्ट्यात वापरायला काही शिल्लक राहत नाही. वापरली नाही, तर तिच्यापुढे चारजणी असतात.

आमच्या मते केरिन दीड फेरी उरली असताना ठरते. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये चित्र दिसतं, पण त्या वेळी कुठली खेळाडू कुठल्या जागेवर होती यातच निकाल बराचसा लिहिलेला असतो.

प्रश्न : मग रांगेत कितवी जागा सर्वांत चांगली?

उत्तर : थोडं गणित करू. सायकलची लांबी साधारण 1.65 मीटर आणि दोन चाकांमधलं अंतर 30 ते 40 सेंटिमीटर. म्हणजे रांगेतल्या प्रत्येक जागेला दोन मीटर. चौथी खेळाडू पहिलीच्या सहा मीटर मागे असते, सहावी दहा मीटर.

पुढे जायचं तर उजवीकडून, म्हणजे वरच्या बाजूने जावं लागतं. सपाट जमिनीवर एक मीटर बाहेरून फिरलं तर एका पूर्ण फेरीत 6.28 मीटर जास्त पडतात. वेलोड्रोमची, म्हणजे या शर्यतींच्या ट्रॅकची, वळणं 42 ते 45 अंश कललेली असल्यामुळे उतारावरचा एक मीटर आडवा मोजला तर कमीच भरतो, आणि जादा अंतर साधारण पाच मीटर होतं. हे पाच मीटर म्हणजे तीन सायकलींची लांबी.

समजा पहिली ताशी 62 ने चालली आहे. चौथीला शेवटच्या एका फेरीत तिला गाठायचं असेल तर सहा आणि पाच मिळून अकरा मीटर भरून काढावे लागतात, म्हणजे तिला 64.7 चा वेग हवा. शेवटच्या अर्ध्या फेरीपर्यंत थांबली तर साडेआठ मीटर, पण फक्त 125 मीटरमध्ये, म्हणून 66.2 चा. सहावीला पूर्ण फेरीत 65.7 पुरतो, अर्ध्या फेरीत 68.2 लागतो. एवढा वेग दमलेल्या पायांनी, तोही उघड्या वाऱ्यात मिळणं फार कठीण. म्हणून मागच्यांना लवकर निघावंच लागतं, आणि मागची निघाली की सगळी रांग हलते.

आता पहिली जागा. इथे कुणाच्या मागून वळसा घालावा लागत नाही, सर्वांत लहान रेषा आपली असते. पण वारा आपण कापायचा आणि मागची त्याचा फायदा घेणार. बरोबर मागे राहणाऱ्या खेळाडूची साधारण एक तृतीयांश ताकद वाचते. शिवाय मागचं दिसत नाही. हल्ला येतोय हे कळेपर्यंत तो शेजारी आलेला असतो.

दुसरी जागा बहुतेकजणींना आवडते. वारा लागत नाही, पुढे एकच खेळाडू, आणि शेवटच्या वळणातून बाहेर पडताना दोन मीटरच कापायचे. धोका हा की वरून तिसरी आणि चौथी एकामागोमाग आल्या तर दुसरी आतल्या बाजूला कोंडली जाते. पुढे चाक, उजवीकडे चाक, डावीकडे ट्रॅकच्या आतल्या कडेचा निळा पट्टा, ज्यावर जाता येत नाही. असं अडकल्यावर पाय कितीही चांगले असोत, वाट मोकळी होईपर्यंत काहीही करता येत नाही. उपाय एकच. पुढच्या चाकाच्या अगदी सरळ मागे न राहता अर्धं चाक उजवीकडे राहायचं. थोडा वारा लागतो, पण दार उघडं राहतं.

तिसरी आणि चौथी जागा हल्ला करणारीसाठी. इथून अंतर सोडून धावता येतं. पुढच्या चाकापासून चार ते सहा मीटर मागे राहायचं, वळणात थोडं वर जायचं आणि उतरताना वेग घेत त्या मोकळ्या जागेतल्या शांत हवेत शिरायचं. पुढच्या चाकापाशी पोचेपर्यंत तिच्यापेक्षा तीन-चार किलोमीटरने जास्त वेग मिळालेला असतो, तोच वापरून बाहेरून निघून जायचं. यात दोन चुका नेहमी होतात. अंतर जास्त सोडलं तर वरून कुणीतरी येऊन ती जागा भरते. वेळ चुकली आणि पुढची अजून निघालीच नसेल, तर तिच्या चाकावर आदळू नये म्हणून पायांनी रोखावं लागतं. मिळवलेला वेग तिथेच जातो आणि पुन्हा जमवायला वेळ उरत नाही.

प्रश्न : पण हल्ली पुष्कळ खेळाडू दोन फेऱ्या आधीच पुढे जातात आणि शेवटपर्यंत पुढेच राहतात. हे कसं जमतं?

उत्तर : गिअर मोठे झाले. ट्रॅकच्या सायकलला एकच गिअर असतो आणि तोही फिक्स्ड, चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. पुढच्या चेनरिंगचे दाते भागिले मागच्या कॉगचे दाते, हे गुणोत्तर. चाकाचा परीघ 2.09 मीटर धरू.

49 आणि 14 दाते घेतले तर गुणोत्तर 3.5, पेडलच्या एका फेऱ्यात सायकल 7.3 मीटर जाते. ताशी 65 ला मिनिटाला 148 वेळा पेडल फिरवावं लागतं. 56 आणि 14 ला गुणोत्तर 4, एका फेऱ्यात 8.4 मीटर, त्याच वेगाला 130. 62 आणि 14 ला गुणोत्तर 4.43, जवळजवळ 9.3 मीटर, आणि पेडल मिनिटाला 117 वेळा. पायांची ताकद सगळ्यात जास्त निघते ती साधारण 115 ते 130 च्या पट्ट्यात. 148 ला पाय नुसते पेडलच्या मागे धावतात. म्हणून आता चारच्या पुढची गुणोत्तरं नेहमीची झाली आहेत आणि मोठा वेग एक-दीड फेरी धरून ठेवणं शक्य झालंय.

याची किंमत वेग वाढवताना मोजावी लागते. 4.43 वर ताशी 30 ला पेडल मिनिटाला फक्त 54 वेळा फिरतं. डर्नीमागे वेग हळूहळू चढतो म्हणून ते निभतं. पण डर्नी गेल्यावर रांग मंदावली, सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या आणि वेग 45 वर आला, तर मोठ्या गिअरवालीला तो पुन्हा उचलायला वेळ लागतो आणि लहान गिअरवाली तिच्या पुढे निघून जाते. मोठा गिअर लावलेल्या खेळाडूने म्हणूनच रांग मंदावू द्यायची नसते. पुढे जाऊन वेग चढा ठेवणं हाच तिचा बचाव. अशा वेळी मागच्यांना वरून येण्यासाठी 66-67 ची गरज पडते आणि त्या शेजारी येऊन तिथेच अडकतात.

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. 49 आणि 14 वर सराव करते. तिला लगेच मोठा गिअर लावावा का?

उत्तर : लगेच नको. आधी पाहा की 3.5 वर ती मिनिटाला 140 पर्यंत बसून, न उसळता पेडल मारू शकते का. बसल्या जागी कंबर उसळत असेल तर ताकदीच्या आधी लय कमी पडतेय. ते जमलं की एकेक पायरी वर जा. 51 आणि 14 म्हणजे 3.64. चार-सहा आठवडे त्यावर, मग पुढची पायरी. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागलं तर खाली या. मोठा गिअर पेलायला जिममधली ताकद सोबत वाढावी लागते, नाहीतर थांबलेल्या सायकलवरून जोरात निघताना पाठ आणि गुडघे भरडले जातात.

गिअर बदलताना एक गोष्ट लक्षात ठेवा. एक दाता वाढला की मागची धुरी साधारण तीन मिलिमीटर पुढे सरकते. दोन-तीन दाते बदलले की चाक फ्रेमच्या खाचेत कुठे बसतंय ते तपासा. साखळी अगदी ताठ नको, सैलही नको. पेडल हळूहळू फिरवून सर्वांत घट्ट जागा शोधा, कारण चेनरिंग क्वचितच अगदी गोल असते. त्या जागी साखळीच्या मध्यावर बोटाने वर-खाली साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे. फार सैल साखळी पूर्ण ताकदीत उतरू शकते, आणि फिक्स्ड गिअरवर ते म्हणजे सरळ पडणं.

प्रश्न : अंतिम रेषा पहिली ओलांडली, तरी निकालात सहावी. हे कसं?

उत्तर : तिला रेलिगेट केलेलं असतं, म्हणजे नियम मोडल्याबद्दल त्या शर्यतीत शेवटचं स्थान दिलेलं असतं. ट्रॅकवरच्या रेषा ओळखल्या की हे समजतं. सगळ्यात आत निळा पट्टा, त्यावर जायचं नाही. त्याच्या वर आतल्या कडेपासून 20 सेंटिमीटरवर काळी रेषा, ट्रॅकची लांबी तिच्यावर मोजतात. 85 सेंटिमीटरवर लाल रेषा. काळी आणि लाल यांच्यामधला पट्टा स्प्रिंटरची लेन.

स्प्रिंट सुरू झाल्यावर पुढची खेळाडू या लेनमध्ये असेल तर तिला आतून ओलांडता येत नाही. तिनेही किमान एका सायकलची स्पष्ट आघाडी नसताना लाल रेषेच्या वर जाऊन शेजारचीला ढकलायचं नाही. बाहेरून आलेलीने पुरेशी पुढे न जाता लेनमध्ये उतरून दुसरीला दाबायचं नाही. पुढची स्वतःच लेन सोडून वर गेली असेल, तर आतून जाणं चालतं. बहुतेक रेलिगेशन शेवटच्या दोन वळणांत होतात. दमलेली खेळाडू खांद्याने झुकते, सायकल हातभर वर जाते. मुद्दाम केलं की चुकून झालं हे पंच पाहत नाहीत, समोरचीची रेषा बिघडली का एवढंच पाहतात. आम्हाला हे योग्य वाटतं, कारण ताशी 65 ला दोघींच्या खांद्यांत वीतभर अंतर असतं.

प्रश्न : जपानमधली केरिन आणि ही, एकच का?

उत्तर : मूळ एकच. जपानमध्ये 1948 साली कोकुरा इथे केरिन सुरू झाली. ती पैजांची शर्यत, मोठ्या उघड्या ट्रॅकवर, पुरुषांमध्ये नऊ खेळाडू आणि ठरलेल्या स्टीलच्या फ्रेम. तिथे महिलांच्या शर्यती 1964 मध्ये बंद पडल्या होत्या, त्या 2012 मध्ये 'गर्ल्स केरिन' नावाने परत आल्या. यात सातजणी असतात आणि पुरुषांसारखी टोळी करून धावण्याची पद्धत नाही, त्यामुळे आंतरराष्ट्रीय केरिनशी तिचं जवळचं नातं आहे. 2024 मध्ये डेन्मार्कमधल्या बॅलेरुप इथे जगज्जेती झालेली मिना सातो याच वाटेने आली. त्याच बॅलेरुपला 2002 मध्ये महिलांची केरिन जागतिक स्पर्धेत प्रथम आली होती, पुरुषांनंतर तब्बल 22 वर्षांनी, आणि चीनची ली ना तेव्हा जिंकली. ऑलिंपिकसाठी महिलांना 2012 पर्यंत थांबावं लागलं. लंडनचं ते सुवर्ण व्हिक्टोरिया पेंडलटनचं.

प्रश्न : ब्रेक नसताना थांबतात कशा?

उत्तर : पायांनी. पेडलवर उलटा जोर देऊन वेग कमी करतात आणि ट्रॅकच्या वरच्या बाजूला चढतात, चढामुळे उरलेला वेग जिरतो. शर्यतीत एकीलाच ब्रेक असता तर मागच्या पाचजणी तिच्यावर आदळल्या असत्या.

प्रश्न : एका दिवसात चार-पाच शर्यती असतात. मधल्या वेळात काय करावं?

उत्तर : जागतिक स्पर्धेत पहिली फेरी, ती हरलेल्यांसाठी रेपेशाज, उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम अशा फेऱ्या सहसा एकाच दिवशी होतात. पॅरिसमध्ये त्या 7 आणि 8 ऑगस्ट अशा विभागल्या होत्या. उपांत्य फेरीत सहाजणींच्या दोन शर्यती, प्रत्येकीतल्या पहिल्या तिघी अंतिम फेरीत, बाकीच्या सातव्या ते बाराव्या क्रमांकासाठी. रेपेशाजमधून आलेली खेळाडू अंतिम फेरीत पोचली तर तिच्या पाच शर्यती होतात, तर थेट गेलेलीच्या चार. हा फरक शेवटी पायांत जाणवतो. पहिल्या फेरीत डाव लपवत बसू नका, सरळ पात्र व्हा.

शर्यत संपल्याबरोबर बसू नका. दहा-पंधरा मिनिटं रोलर्सवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या फिरत्या रुळांवर, लहान गिअरवर हलकं पेडल मारा, साठलेलं लॅक्टेट त्याने लवकर निघतं. मग पाणी आणि सहज पचणारं गोड, 20 ते 30 ग्रॅम कर्बोदकं पुरेत. पोटभर काही खाऊ नका. पाय वर करून आडवं व्हा, उकाडा असेल तर मानेवर थंड पट्टी. पुढच्या शर्यतीच्या वीस मिनिटं आधी पुन्हा रोलर्स, त्यात पाच-सहा सेकंदांच्या दोन तेज धावा. एवढ्याने पाय जागे होतात. तेवढ्यात मेकॅनिकने चाकांचे नट, साखळीचा ताण, टायरची हवा आणि पेडलचे पट्टे पाहावेत. गिअर बदलायचा झालाच तर एका दात्यापलीकडे नको, अंतिम फेरीत अनोळखी गिअर लावून फायदा झाल्याचं क्वचितच दिसतं.

प्रश्न : आमच्याकडे डर्नी नाही. केरिनचा सराव कसा घ्यावा?

उत्तर : डर्नीच्या जागी एक कसलेली खेळाडू पुढे ठेवा. चारजणींची रांग पुरते. तीन फेऱ्यांत वेग 38 वरून 46 पर्यंत, प्रत्येक अर्ध्या फेरीला थोडा थोडा. एकदम झटका दिला तर मागे रांग तुटते आणि सराव वाया जातो. तीन फेऱ्या उरल्या की पुढची वर निघून जाते आणि उरलेल्यांची शर्यत सुरू होते. एका सत्रात चार शर्यती, मध्ये पंधरा-वीस मिनिटं विश्रांती, आठवड्यातून एकदाच. दर वेळी जागा बदला, नाहीतर मुली आवडत्या जागेतच तयार होतात आणि चिठ्ठीत सहावी जागा निघाली की गोंधळतात.

सुरुवातीला एक बंधन घाला. एका सत्रात हल्ला फक्त दोन फेऱ्या उरल्यावर, दुसऱ्यात फक्त शेवटच्या फेरीच्या घंटेनंतर. त्याने कुठून किती ताकद लागते ते अंगात बसतं. उजव्या खांद्यावरून मागे पाहण्याचा सराव वेगळा घ्या. काळ्या रेषेवर ताशी 40 ला, दर फेरीत दोनदा मान वळवायची आणि सायकल रेषेवरून बोटभरही हलता कामा नये. नवख्या मुली मान वळवताना हँडलही वळवतात, सायकल वर जाते आणि शर्यतीत ती मागून येणारीच्या अंगावर जाईल. हे साधल्याशिवाय चारजणींच्या रांगेत कुणालाही घेऊ नका.